बकुळाकाकीचा नंबर

सही करायची जागा अगदी खाली होती, आणि पेन चाललं असतं तर मायाने ती केलीही असती. शाळेचे कागद वाचायची तिला सवय नव्हती. ते नेहमी सकाळी सव्वासहालाच पुढे येतात, हाताला कणीक लागलेली असताना आणि कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असताना. पण पेन चालेना. ते चालतंय का बघायला तिने समासात दोन रेघोट्या ओढल्या आणि रेघोट्यांच्या शेजारची आकड्यांची ओळ तिला दिसली. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट असं छापलेलं, आणि पुढे आकांक्षाच्या गोलमटोल अक्षरांत आठ आकडे. मोबाइलचे दहा असतात. हे आठच होते, आणि वाचून होण्याआधीच ते मायाला पाठ होते. तीस वर्षांपूर्वी, माहेरच्या याच खोलीत राहताना, तिच्या स्वतःच्या शाळेच्या डायरीत आईने हाच नंबर लिहिला होता. तेव्हा सुरुवातीचा दोन लागला नव्हता, सातच आकडे होते आणि त्यांच्यापुढे पी. पी. असं लिहायची पद्धत होती. म्हणजे फोन आमचा नाही, शेजारच्यांचा आहे. तुम्ही करा, ते हाक मारतील. लग्नाच्या पत्रिका, नोकरीचे अर्ज, दवाखान्याचे केसपेपर, सगळीकडे भोईवाड्यातल्या या चाळीचा जवळजवळ अख्खा दुसरा मजला हाच एक नंबर लिहायचा. बकुळाकाकीचा नंबर.

"हा कोणी लिहिला?"

"मी." सहावीतली आकांक्षा पलंगाखाली दुसरा मोजा शोधत होती.

"आणि माझा?"

"तुझा लागत नाही ना, मम्मी." ती तक्रार करत नव्हती, हेच वाईट होतं. "काकीआजी घरीच असते. तिला विचारूनच लिहिलाय."

रेघोट्यांनी पेन सुरू झालं होतं; मायाने सही केली. खाली व्हॅन हॉर्न वाजवत होती, दुसरं काय करणार होती?

मंगळवारी आकांक्षाला शाळेत उलट्या झाल्या होत्या. अकराला पहिली, मग आणखी दोन. शाळेच्या ऑफिसमधून मायाला सहा फोन गेले, दीपकला चार. दीपक, तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतो, मिलच्या जागांवर उभ्या राहिलेल्या टॉवरांमध्ये. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की त्याच्या फोनला रेंज नसते, आणि दिवसभर तो तिथेच उतरलेला असतो. मायाचा फोन हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये होता आणि लॉकरमध्येही तो बंदच पडलेला होता. पोरगी अडीचपर्यंत शाळेच्या ऑफिसातल्या बाकावर बसून राहिली, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून. शेवटी कुठल्यातरी मैत्रिणीच्या आईबरोबर तिला घरी पाठवलं. माया साडेचारला पोचली तेव्हा ती पंखा लावून झोपली होती आणि ती पिशवी तिने धुऊन दोरीवर वाळत घातली होती. रडली नाही, रागावली नाही, "आता बरंय" म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं असं मायाला वाटलं. रडणाऱ्या पोराला जवळ तरी घेता येतं. तीन दिवस आकांक्षा काही बोलली नाही आणि शुक्रवारी तिने आईचा नंबर काढून टाकला. नोकरीवरून काढतानासुद्धा माणसाला आधी नोटीस देतात.

फोन बदलायलाच हवा, हॉस्पिटलच्या वाटेवर कोर्टासमोरून चालताना ती स्वतःला सांगत होती, आणि हे सांगताना तिला जरा बरंही वाटत होतं, कारण दोष फोनचा ठरत होता. फोनची पाठ फुगली होती. आतली बॅटरी सुजून झाकण उचकटलं होतं आणि मायाने त्याला डब्याचं रबर लावलं होतं. चाळीस टक्के दाखवता दाखवता तो डोळे मिटायचा. जागा तर कधीचीच संपली होती. वर्गाचा ग्रुप, व्हॅनचा ग्रुप, चाळ कमिटीचा ग्रुप, डिपार्टमेंटचा ग्रुप, दीपकच्या भावकीचा ग्रुप. भावकीतले सगळे पहाटे उठून एकमेकांना फुलं पाठवायचे आणि त्या फुलांपायी आकांक्षाच्या विज्ञानाच्या प्रोजेक्टचा फोटो उघडत नव्हता. दीपकने परवाच एक व्हिडिओ पाठवला होता, धावपळीच्या पालकांसाठी पाच उत्तम फोन. त्यातली बाई हसतमुख होती, तिच्या मागे पांढरंशुभ्र स्वयंपाकघर होतं, आणि ती म्हणत होती की आई म्हणून तुम्हाला काय हवं ते आधी ठरवा. मायाला तो व्हिडिओ बघताना झोप लागली होती. आई म्हणून तिला हवी होती ती झोपच, पण ती पाचांपैकी एकाही फोनमध्ये नव्हती.

आठ वाजता तिने फोन लॉकरमध्ये टाकला, टोपी घातली, मास्क बांधला. तिचा विभाग म्हणजे ऑपरेशनची हत्यारं धुऊन, वाफेच्या भट्टीत घालून, कापडात बांधून परत वर पाठवायची जागा. तिथे बाहेरची चप्पलसुद्धा चालत नाही, मग फोन कुठला चालायला. चिमटे, कात्र्या, हाडं कापायच्या करवती; पंधरा वर्षं ती दुसऱ्यांच्या पोटात जाणारं लोखंड स्वच्छ करत होती. काचेच्या खिडकीजवळ भिंतीला एक लँडलाइन होती. थिएटरमधून मागण्या यायच्या, त्या तिच्यावर. आणि रोज अकराला तिच्यावर गणपतच्या बायकोचा फोन यायचा. गणपत ट्रॉल्या ओढतो. त्याची बायको विचारायची, मेथी आणू का शेपू. सगळा विभाग हसायचा, इनचार्ज साळवी सिस्टर ओरडायच्या, आणि गणपत शांतपणे सांगायचा, "शेपू नको." मायाला दर वेळी त्याची थोडी कीव यायची आणि थोडी चीड. लोकांच्या फोनवर भाजी काय विचारायची? माणसाला काही आब असतो. हा नंबर तिने कुणालाच दिला नव्हता, दीपकलाही नाही. का दिला नाही, असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि तिने स्वतःलाही नाही. आज अकराला गणपत फोनवर बोलत होता तेव्हा मात्र तिच्या हातातला चिमटा पाण्यातच राहिला.

संध्याकाळी ती बसने दादरला उतरून दुकानात गेली तेव्हा पाय भरून आले होते. दुकान इतकं थंड आणि उजळ होतं की कुणीतरी स्टूल दिलं असतं तर ती फोन न घेता तिथेच बसून राहिली असती. काउंटरमागे मानसी नावाची बाई होती, नावाची पट्टी छातीवर, केसांना क्लिप, वय मायापेक्षा चार-पाच वर्षांनी कमी.

"युज काय आहे मॅडम तुमचा? गेमिंग, रील वगैरे, की फॅमिली?"

मायाने मनात मोजलं. गजर, व्हॅन कुठे पोचली, टीचरचा मेसेज, आईच्या वर्षश्राद्धासारखं आमच्या बौद्धांत काही नसतं पण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो त्याचे फोटो, भाजीवाल्याला पैसे, रात्री गुडघे दुखतात त्यावर उपाय. "लागला पाहिजे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कोणी केला तर लागला पाहिजे."

मानसी हसली नाही. तिने तीन फोन काढून ओळीत मांडले. याची बॅटरी दोन दिवस जाते. याचा कॅमेरा भारी, मुलांचं गॅदरिंग लांबून पण क्लिअर येतं. हा पडला तरी फुटत नाही, मुलं हातात घेतात ना. माया एकेक उचलून कानाला लावून बघत होती आणि मानसी म्हणत होती की मॅडम, तो डेमो आहे, त्यात सिम नाही. मग बोटाचा ठसा. मायाने अंगठा ठेवला, फोन थरथरला आणि नाही म्हणाला. बोट पुसून ठेवा. पुसून ठेवलं. दुसरं ठेवा. दुसरंही नाही. गरम पाण्याने आणि औषधांनी तिच्या बोटांच्या रेषा कधीच्या पुसट झाल्या होत्या. आधार कार्डाच्या मशीननेही तिला तीनदा ओळखलं नव्हतं. "चालेल, आकडे टाकून उघडीन," ती म्हणाली, आणि तिला उगाचच लाज वाटली. तिने फोन खाली ठेवला. मानसीने काउंटरखालून एक पिवळं फडकं काढलं आणि तो फोन पुसला, आधी काच, मग कड, मग पाठ. रोजचा हात होता तो, त्यात काहीच नव्हतं. पण माया काउंटरपासून एक पाऊल मागे सरली.

बकुळाकाकीच्या फोनलाही फडकं होतं. फोन दारालगतच्या स्टुलावर असायचा, म्हणजे येणाऱ्याला आत यावं लागू नये. उंबऱ्यात उभं राहायचं, वाकून रिसीव्हर घ्यायचा, बोलायचं, ठेवायचा. मग काकी फडक्याने तो पुसायची. काका, सीतारामकाका, मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, आणि मजल्यावर पहिला फोन त्यांच्याकडे आला तेव्हा काकीने पेढे वाटले होते, मायाच्या घरीही. सणाला करंज्या यायच्या. तिच्याकडे वाईट असं काही नव्हतं. पण एकदा आईचा फोन झाल्यावर माया मागे रेंगाळली आणि तिने ते पुसणं पाहिलं. काकी सगळ्यांच्या नंतर पुसायची की आपल्याच नंतर? बघणं सोपं होतं. दुसऱ्या कुणाच्या फोनच्या वेळी दोन मिनिटं गॅलरीत उभं राहायचं. दहा वर्षांच्या मायाने ते कधी केलं नाही. कळलं तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. अप्पांचा, तिच्या वडिलांचा, नियम सोपा होता: दुसऱ्याच्या फोनवर आपलं कुणी वारल्याशिवाय बोलायचं नाही. अप्पा म्हणजे कुशाबा तांबे, मिलमध्ये बदली कामगार, पुढे वॉचमन. कुणाचं काही घेतलं नाही, कुणाकडे काही मागितलं नाही. त्यामुळे काकीची हाक आली की घरात आधी आईचा चेहरा उतरायचा, मग कोण गेलं ते कळायचं.

आणि त्या मे महिन्यात अप्पा खेडला गावी गेले होते, आजीला बरं नव्हतं म्हणून. दुपारी काकी गॅलरीतून ओरडली, "माया गो! बापाशीचो फोन इलो हा तुझ्या! पाच मिन्टांनी परत करतत!" आई कामावर होती. माया जिन्यापाशी पाण्याच्या पिंपाआड होती. तिने ऐकलं. आता उंबऱ्यात उभं राहायचं, पाच मिनिटं वाट बघायची, बोलायचं, आणि मग काकी तो पुसेल. ती पिंपाला टेकून बसली. फोन वाजला, काकीने परत हाक मारली. ती हलली नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा काकी फोनमध्ये म्हणाली ते स्पष्ट ऐकू आलं, "कोण नाय हो घरात. पोरगी खंय गेली काय म्हायत." तेव्हा मायाला वाटलं की आजी गेली असणार, आणि तरीही ती उठली नाही. आजी गेली नव्हती. आठवड्याने अप्पा आले, पिशवीतून काजूगर काढले आणि विचारलं, त्या दिवशी कुठे होतात सगळे? माया म्हणाली, रॉकेलच्या लाइनीत होते. आई घाबरून म्हणाली, का हो, काय झालं होतं? अप्पा म्हणाले, "काही नाही. सहज केला होता." पुन्हा त्यांनी कधी सहज फोन केला नाही. घरात मोबाइल आल्यावरसुद्धा नाही. जाईपर्यंत ते फक्त उचलायचे.

"मानसी! तुझा!" दुकानाच्या टोकाकडून मालक ओरडला. बिलाच्या टेबलावरची लँडलाइन होती. मानसी "एक मिनिट हां मॅडम" म्हणून गेली, आणि तिचं अर्धं बोलणं इकडे ऐकू येत होतं. हां बाळा. फ्रीजमध्ये बघ, खालच्या कप्प्यात. नाही, तो नको, डब्यातला. आजीला सांग. बरं. हां. ती परत आली.

"सॉरी हां. मुलगी होती. आमचे मोबाइल ड्रॉवरमध्ये जमा असतात ना, ड्युटी सुटेपर्यंत."

फोन विकणाऱ्या बाईचा फोन ड्रॉवरमध्ये. मायाला हसू आलं. "मालक काही बोलत नाहीत?"

"बोलतात की. बोलू दे. आपल्या पोरीला लागला पाहिजे ना."

मायाने बॅटरीवाला घेतला. घ्यायला हवाच होता. पण खोक्याची पिशवी हातात घेऊन परळकडे चालताना तिला स्वच्छ कळत होतं की सोमवारी, मंगळवारी, रोज आठ ते चार, दोन दिवस बॅटरी जाणारा हा फोन त्याच लॉकरमध्ये पूर्ण जिवंत राहून वाजत बसणार आहे. फोनचा दोष नव्हताच. भिंतीवरचा फोन होता, पंधरा वर्षं होता, आणि तिने तो पोरीपासून लपवला होता, कारण लोकांच्या फोनवर कुणी आपल्याला हाक मारावी हे तिला सोसत नव्हतं. अप्पांचा नियम ती अप्पांपेक्षा कडक पाळत होती. आणि मग चालता चालता जे तीस वर्षांत कधी मनात आलं नव्हतं ते आलं: ते फडकं अप्पांनीही पाहिलं असणार. आपण एकदाच पाहिलं, ते गॅलरीतून जाता-येता इतकी वर्षं बघत असणार. नियम त्यातूनच आला असेल. आणि तरी त्या दुपारी, एसटीडीच्या बूथवर रांगेत उभं राहून, त्यांनी तीनदा फोन केला. ती सिग्नलला थांबली आणि सिग्नल सुटला तरी थांबूनच राहिली. तिला अप्पांची इतकी आठवण आली की पिशवी हातात जड झाली.

आकांक्षा बकुळाकाकीकडेच होती, लाद्यांवर पालथी पडून चित्र रंगवत. काकी आता ऐंशीला आलेली, काका जाऊन बारा वर्षं झालेली. मुलं ठाण्याला बोलावतात, ती जात नाही. फोन अजून दारालगत होता आणि फोनखाली चौपदरी घडी घातलेलं फडकं. माया उंबऱ्यात उभी राहिली.

"आत ये गो. अशी भायर काय उभी?"

ती आत गेली. फडक्याकडे बघितलं. विचारावं असं वाटलं, पण तीस वर्षांनी काय विचारणार, आणि कुठलं उत्तर आलं असतं तर बरं वाटलं असतं? "काकी, आकांक्षाने तुमचा नंबर लिहिला फॉर्मवर."

"चेडवान माका इचारल्यान. मी म्हटलंय, लिव. मी खंय जातंय?" काकी पानाला चुना लावत होती. "तुझ्या बापाशीन कधी लिवल्यान नाय म्हणून काय झाला. तुझो आजोबा वारलो तेवाच काय तो हंय येऊन बोललो. लय मानी मनुष्य."

"फॉर्म परत आलाय," आकांक्षा मान वर न करता म्हणाली. "रेघोट्या आहेत म्हणे त्यात. टीचरने नवीन दिलाय, सोमवारी द्यायचाय. कोणी मारल्या रेघोट्या?"

"मी."

मायाने रंगाची पेन्सिल उचलली आणि चित्राच्या कोपऱ्यात विभागाचा नंबर लिहिला. लिहिताना एकदा चुकला; कधी कुणाला सांगितलाच नव्हता. "हा मी काम करते तिथला. भिंतीवरचा आहे, सगळ्यांचा. मोबाइल आत नेता येत नाही. हा कर, कोणीतरी मला हाक मारेल."

"ओरडणार नाहीत ना तुला?"

"ओरडतील."

आकांक्षाने नंबराकडे पाहिलं, मग नव्या फोनच्या खोक्याकडे. खोक्यापेक्षा नंबराकडे जास्त वेळ पाहिलं. "बघू," ती म्हणाली, आणि पुन्हा रंगवायला लागली. रात्री नवा फॉर्म भरलेला टेबलावर होता. नाव, वर्ग, पत्ता, रक्तगट. तातडीच्या संपर्काची ओळ कोरी होती. मायाने ती पाहिली आणि कागद उलटा ठेवला.

शनिवारी शाळेला सुट्टी होती, मायाला नव्हती. सकाळपासून सांध्यांच्या ऑपरेशनचे संच येत होते, एकेका संचात शंभर तुकडे, आणि तिचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते. अकराला गणपतचा फोन आला. आज पालक होता. साडेअकराला परत वाजला. साळवी सिस्टरनी उचलला, ऐकलं, भुवया वर केल्या आणि काचेवर टकटक केलं. "माया! तुझा फोन!"

पंधरा वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांनी माना वळवल्या. मायाच्या हातातून करवत सटकून टबात पडली. आईचा उतरलेला चेहरा तिला स्वतःच्या चेहऱ्यावर जाणवला, तोच, जसाच्या तसा. दीपक, लिफ्टचा खड्डा, दोरखंड. तिने ग्लोव्हज ओरबाडून काढले आणि ओल्या फरशीवरून धावत गेली. रिसीव्हर कानाला लावला.

"मम्मी?"

"काय झालं? काय झालं, बाळा?"

"काही नाही." मागून काकीचा आवाज आला, "लागलो काय गो?" आणि आकांक्षा तिला म्हणाली, "लागला, लागला." मग परत फोनमध्ये, जरा हळू, "लागतो का बघत होते. तू पळत आलीस?"

"हो."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. "मग लिहू?" तिने विचारलं.

"लिही."

"ठीक आहे. ठेवते. तुझं काम असेल." आणि खरंच ठेवला.

माया रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. साळवी सिस्टर ओरडायच्या बेतात होत्या, पण तिचा चेहरा बघून जवळ आल्या. "काय गं? कुणाचं काय झालं?"

"काही नाही सिस्टर," माया म्हणाली. "मुलीचा होता. सहज केला होता."